पुडीतल्या गोळीचं नाव

"ताई, हा तुमचा चेहरा नाही."

सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात, महिला वॉर्डातल्या खाटेवर पडल्या पडल्या मी हे ऐकलं. बोलणारी डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची होती. तिनं माझ्या गालाला हात लावला, मानेमागचा मांसाचा उंचवटा दाबून पाहिला, मग दंडावरची कातडी चिमटीत धरली. कांद्याच्या पापुद्र्यासारखी ती उचलली गेली. तिनं माझ्या यजमानांना विचारलं, "यांचा जुना फोटो आहे का मोबाईलमध्ये?"

सुधाकररावांनी शोधून एक फोटो काढला. भाचीच्या लग्नातला. त्यात मी लांबट तोंडाची, गालफडं वर आलेली बाई होते. डॉक्टरनं मोबाईल माझ्या तोंडाशेजारी धरला आणि बराच वेळ दोन्हींकडे पाहिलं.

"कोणती औषधं घेता?"

"पुडी घेतो," मी म्हटलं.

"पुडीत काय असतं?"

"एक पांढरी गोळी, एक पिवळी, आन एक बारीक गुलाबी."

ती हसली नाही. त्याबद्दल मी तिची आभारी आहे. "रंग नको ताई, नावं हवीत," ती म्हणाली. मी बी.ए. झालेली बाई. खताच्या पोत्यावरचं बारीक अक्षरसुद्धा वाचून घेणारी. दोन वर्षं मी जे गिळत होते त्याचं नाव मला माहीत नव्हतं.

मग तिनं दोन शब्द सांगितले. पहिला, कुशिंग्ज सिंड्रोम. म्हणजे अंगात स्टेरॉईड नावाच्या औषधाचा अतिरेक झाल्यावर शरीराचं जे होतं ते. दुसरा शब्द, ॲड्रिनल इन्सफिशियन्सी. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडावर टोपीसारखी एक छोटी ॲड्रिनल ग्रंथी असते. ती रोज कॉर्टिसॉल नावाचा रस तयार करते. ताप आला, उलट्या झाल्या, धक्का बसला, तर त्या रसाच्या जोरावर माणूस तगून राहतो. बाहेरून रोज स्टेरॉईड मिळत गेलं की ग्रंथी काम सोडून देते.

"घरी रोज आयता डबा यायला लागला की चूल पेटवणं बंद होतं ना, तसं," डॉक्टर म्हणाली. "आणि मग एक दिवस डबा आलाच नाही. तुमचं तेच झालं."

सुधाकररावांनी विचारलं, "पण मॅडम, बिमारी कोनती हाय हे?"

"बिमारी वेगळी आहे, तिचं बघू. हे जे झालंय ते औषधामुळे झालंय."

हे मी रागात लिहिते आहे. शांत डोक्यानं लिही, असं मला दोघा-तिघांनी सांगितलं. शांत डोकं असतं तर मी लिहायला बसलेच नसते.

आमचं शेत कारंज्याजवळ. आम्ही भाजीपाला करतो. वांगी, टमाटे, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. तोडायचं, जुड्या बांधायच्या, बाजारात न्यायचं. हे काम हातांचं आहे. आणि माझे हातच आधी गेले.

सकाळी उठले की बोटं लाकडासारखी. मूठ मिटत नसे. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायचा. बोटांची मधली पेरं सुजलेली, मनगटं गरम. उन्हं चांगली वर आली की हात हळूहळू सुटत, पण तोवर वांग्याच्या तोडणीची वेळ निघून गेलेली असे. वांग्याच्या देठाला काटे असतात. ते घट्ट धरावंच लागतं. मला धरता येईना. मग गुडघे धरले. मेथीच्या वाफ्यात बसले की उठताना सासूबाईंना हाक मारावी लागे. त्या सत्तरीच्या, मी चाळिशीतली. त्या मला हात द्यायच्या.

तेव्हा मी गावच्या सगळ्या बायका जातात तिथं गेले. तालुक्याच्या गावात, बसथांब्यापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी तो दवाखाना आहे. डॉक्टरांचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर तुम्ही म्हणाल, हा एकच असा असेल. मला तुम्हाला ती सोय द्यायची नाही.

तिथल्या सेवेबद्दल मात्र सांगते, कारण सेवा उत्तम होती. उन्हाळ्यात कूलर, माठातलं थंड पाणी, बसायला गादीच्या खुर्च्या. फोन केला की नंबर लागतो. सुई तिथंच, सलाईन तिथंच, साखर तिथंच मोजणार, म्हाताऱ्या माणसाला वाफ तिथंच देणार. बाहेर पाटीवर दम्यापासून मणक्यापर्यंत सगळं लिहिलेलं. औषधासाठी मेडिकलमध्ये जायची गरज नाही, काउंटरवरची बाई पुड्या बांधून देते. लग्नसराईच्या आधी बायका 'ताकदीची सलाईन' लावून घ्यायला येत, त्यांना नाही म्हणत नसत. माणूस खाटेवरून उठू शकत नसेल तर डॉक्टर मोटारसायकलनं घरी येत. आणि आल्यावर आधी विचारत, "काय म्हणतात वांगी?"

माझ्याबाबतीतही त्यांनी आधी वांग्यांचं विचारलं. मग माझी बोटं हातात घेतली, एकदा दाबली आणि म्हणाले, "वात आहे ताई. काळजी करू नका. दोन दिवसांत कामाला लागाल."

रक्त तपासलं नाही. किती दिवसांपासून दुखतं, सकाळी जास्त की संध्याकाळी, घरात कोणाला आहे का, यातलं काही विचारलं नाही. कमरेत एक सुई दिली, पुडी दिली. आणि दोन दिवसांत मी खरंच कामाला लागले.

हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. ती पहिली सकाळ मी विसरणार नाही. मूठ मिटली. मी अंथरुणात बसून ती मिटत होते, उघडत होते. त्या दिवशी मी एकटीनं पूर्ण ओळ तोडली आणि संध्याकाळी पोळ्या लाटल्या. सुधाकरराव म्हणाले, "पाह्यलं? सायेबाच्या हाताले यश हाय."

काऊन जाऊ नये मग माणसानं?

पुडी संपली की दुखणं परत येई, आधीपेक्षा जोरात. म्हणून पुडी संपायच्या आत नवी पुडी. गुडघा फारच धरला तर गुडघ्यात सुई. काउंटरवरची बाई गोळ्या पट्टीतून सोलून, कागदात बांधून देई. पट्टी कधी हातात आली नाही. मी एकदा विचारलं होतं, "पट्टी द्या ना, भिजनार नाई." ती म्हणाली, "डॉक्टर सुटंच द्याले सांगतेत, ताई." मला वाटलं, बरोबर मोजून द्यायला सोपं जात असेल.

काही महिन्यांत माझा चेहरा भरला. बाजारात बायका म्हणायला लागल्या, "वंदना, मानवलं वं तुले! काय खातं?" बाजारात शेजारी बसणारी मला लाडानं 'पुरनपोळी' म्हणायची. आयुष्यभर मी काडीपैलवान. चाळिशीत पहिल्यांदा कोणी माझ्या तब्येतीचं कौतुक करत होतं. मी आरशात पाही, तर गाल टम्म आणि लाल. मला ते आवडलं होतं.

पोट वाढलं, हातपाय मात्र काटक्या राहिले. पोटावर जांभळ्या भेगा उमटल्या. टोपलं दंडाला घासलं तरी काळानिळा डाग पडे आणि हटत नसे. हनुवटीवर लव आली. मांड्यांत जोर उरला नाही. पायरी चढताना हातानं गुडघा दाबून चढावं लागे. एकेक गोष्ट मी डॉक्टरांना सांगितली. वजन? "वय आहे, ताई." डाग? "कॅल्शियम कमी." लव? "बायकांचं असतं असं." मग एकदा त्यांनी साखर मोजली, ती वाढलेली निघाली. तर साखरेची गोळी पुडीत वाढली. ते म्हणाले, "आजकाल घरोघरी आहे शुगर."

माझ्या माहेरी कोणाला नाही. आजही नाही. ती साखर त्याच पुडीतून आली होती, आणि तिच्यावर औषधही त्याच पुडीतून मिळत होतं. मला आज हे आठवलं की दात आवळले जातात.

मग दवाखाना बंद झाला. कायमचा नाही, डॉक्टर सहकुटुंब फिरायला गेले होते, एवढंच. दाराला कुलूप आणि कागद, अमुक तारखेपर्यंत दवाखाना बंद राहील. माणसानं फिरायला जाऊ नये असं मी म्हणत नाही. पण ज्या बायका तुमच्या पुडीवर उभ्या आहेत, त्यांना जाताना एवढं सांगायचं होतं की पुडी एकदम तोडू नका. सांगायचं तर पुडीत काय आहे ते सांगावं लागलं असतं.

माझी पुडी संपली. पहिले दोन दिवस नुसतं अंग दुखलं. मग भूक गेली. मग उलट्या. उभं राहिलं की डोळ्यांपुढं काळोख. सुधाकरराव म्हणाले, "उन लागलं असंन." मी निंबू-सरबत प्याले आणि बाजारात जाऊन बसले, कारण टमाटे थांबत नाहीत. एका गिऱ्हाइकाला टमाटे मोजता मोजता मी टमाट्यांवरच पडले. पुढचं मला लोकांनी सांगितलं. सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा बीपी लागत नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी सुई-सलाईन लावून ॲम्ब्युलन्समध्ये घातलं आणि सेवाग्रामला पाठवलं. आर्वीच्या पुढं कुठंतरी मी डोळे उघडले, तर सुधाकरराव माझा पाय धरून बसलेले. हात नाही, पाय. तेवढाच त्यांना सापडला असेल.

सेवाग्रामला त्यांनी आधी रक्त घेतलं, मग लगेच हायड्रोकॉर्टिसोन नावाचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत मी उठून बसले. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे काय, असं मी त्या डॉक्टरला विचारलं. आता मी नावं विचारायला लागले होते.

ती म्हणाली, "हे स्टेरॉईडच आहे, ताई."

मला वाटलं, ही थट्टा करते आहे. ज्यानं मला पाडलं तेच मला टोचून परत उभं केलं होतं. तिनं खाटेवर बसून समजावलं. औषध वाईट नाही. दम्याचा झटका, काही गंभीर आजार, त्यात ते जीव वाचवतं. संधिवातातही कधी कधी थोडे दिवस देतात. पण मोजून, कारण सांगून, आणि हळूहळू उतरवत. "तुमच्या ग्रंथी झोपल्यात. त्या जाग्या होईपर्यंत गोळी चालू राहणार. थोडी थोडी कमी करत जाऊ. महिने लागतील. मधेच सोडलीत तर परत असंच होईल, कदाचित याहून वाईट."

मूळ दुखणं काय ते तिथं कळलं. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासण्या केल्या. रुमेटॉइड आर्थ्रायटिस. आपल्या शरीराची राखण करणारी फौजच आपल्या सांध्यांवर उलटते, तो हा संधिवात. त्याला औषध आहे. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी, आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज नाही. सोबत फॉलिक ॲसिड. मधून मधून रक्त तपासून यकृत ठीक आहे ना ते बघायचं. डॉक्टर म्हणाली, हे दोन वर्षांपूर्वी सुरू झालं असतं तर बोटं वाकडी झाली नसती.

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं आता बाहेरच्या बाजूला वळलेली आहेत. सरळ होणार नाहीत.

घरी आल्यावरचे महिने वाईट गेले. स्टेरॉईडची गोळी पावानं, अर्ध्यानं कमी होत होती आणि नवं औषध अजून लागू पडत नव्हतं. मधल्या काळात सगळं दुखणं उघडं पडलं. सकाळी मला रडू येई. वेणी सासूबाई घालत. तपासणीला सेवाग्रामला जायचं म्हणजे पहाटेची बस, मग रांग. कागदाची रांग, तपासणीची रांग, रक्ताची रांग. गादीच्या खुर्च्या नाहीत. माझ्या शेजारी बाकावर बसलेली आष्टीची एक बाई म्हणाली, "इतं दिवस जाते बाई, पर सांगतेत तरी काय हाय ते." मी तिचा हात धरून बसले होते, ओळखपाळख नसताना.

मला त्या पुडीतल्या गोळ्यांची नावं हवी होती. सेवाग्रामच्या डॉक्टरलाही हवी होती. किती ताकदीचं स्टेरॉईड होतं हे कळलं तर कमी करण्याचा हिशोब नीट बसला असता. मी म्हटलं, मी जाऊन विचारते.

सुधाकररावांना ते पसंत नव्हतं. "भांडाले जाऊ नोको," ते म्हणाले. "बाबाच्या वक्ताले तो मानूस पुरातून आलता. याद हाय ना?"

याद होतं. माझे सासरे शेवटच्या आजारात होते, नाल्याला पूर होता, आणि हे डॉक्टर गाडी पलीकडे ठेवून कमरेएवढ्या पाण्यातून आले होते. म्हणून तर आमच्या घरात त्यांच्याबद्दल वावगं बोलायची सोय नव्हती. मी म्हटलं, "पुरातून आले म्हनून मले जहर देनार काय?"

ते गाडी काढून मला सोडायला आले आणि बाहेरच थांबले.

मी नंबर लावला, खुर्चीत बसले, माझी पाळी आल्यावर आत गेले. डॉक्टर उठून उभे राहिले. "अरे ताई! या, या. बारीक झाल्या. कुठं होत्या इतके दिवस?"

मी सांगितलं कुठं होते. मग म्हटलं, "पुडीत काय काय होतं, त्याचे नाव द्या."

"व्हिटामिन, कॅल्शियम, दुखण्याची गोळी. साधं असतं सगळं."

"आन स्टेरॉईड?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. चेहरा बदलला नाही. मला वाटतं, त्यांना हा प्रश्न नवा नव्हता.

"एक सांगा ताई, खरं सांगा. तुम्हाला बरं वाटत होतं की नाही?"

"वाटत होतं."

"दोन वर्षं काम केलं की नाही? वांगी तोडली की नाही? मी म्हटलं असतं, सेवाग्रामला जा, तपासण्या करा, औषध लागू पडायला तीन महिने लागतील. गेल्या असत्या? उठून शेजारच्या डॉक्टरकडे गेल्या असत्या. त्यानं तीच पुडी दिली असती."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, आणि म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं. मी म्हटलं, "गेली असती का नाई गेली असती, ते मले ठरवू द्याचं होतं. माहं अंग होतं. तुमी मले सांगतलंच नाई. दोन साल मी तुमाले इचारून राह्यली, हे डाग काऊन, हे तोंड काऊन. तुमाले मालूम होतं. पहिल्या दिवसापासून मालूम होतं."

"आवाज कमी करा. पेशंट बसलेत."

"नाव सांगा."

"नाव जाणून काय करणार तुम्ही?"

मी दार उघडलं. बाहेर खुर्च्या भरलेल्या होत्या. त्यात तीन बायका अशा होत्या की त्यांच्याकडे पाहताच मला सेवाग्रामची ती चिमटीत धरलेली कातडी आठवली. गोल, लाल, टम्म तोंडं. एक तर आमच्याच गावची होती. मला ओरडून सांगायचं होतं, फेकून द्या त्या पुड्या! तोंडाशी आलेलं वाक्य मी गिळलं. मला ते म्हणता येत नव्हतं. त्यातली एखादी घाबरून घरी गेली असती, पुडी बंद केली असती आणि मेली असती. आणि माझ्या शब्दानं मेली असती.

त्या माणसाविरुद्धची माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. त्यानं काम असं करून ठेवलं होतं की त्याच्या पुड्या बंद करा असंही मला ओरडता येऊ नये.

मी एवढंच म्हटलं, "ज्यायचं तोंड पुडी घेऊन गोल झालं असंन, त्यायनं पुडी अचानक बंद करू नका. पर सेवाग्रामले नाईतर वर्ध्याले जाऊन दाखवा. पुडीत स्टेरॉईड असू शकते."

कोपऱ्यातले एक आजोबा चिडून म्हणाले, "बाई, तुमचं झालं असंन त सरका. आमाले अमरावतीची बस पकडाची हाय." काउंटरवरची बाई माझ्या दंडाला धरून मला दाराकडे नेत होती. तिची बोटं जिथं लागली तिथं दुसऱ्या दिवशी चार निळे डाग उठले होते.

गाडीवर मी सुधाकररावांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी जे विचारलं तेही, आणि मी हो म्हटलं तेही. घरी आल्यावर ते सरळ आतल्या खोलीत गेले.

मला वाटलं पडायला गेले. ते गेले होते त्यांच्या आईच्या उशीपाशी. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्याही त्याच डॉक्टरांची पुडी घेत होत्या. त्यांचा चेहरा मुळातच गोल, म्हणून कोणाच्या डोळ्यावर आलं नव्हतं, आणि दवाखाना बंद होता तेव्हा त्यांची पुडी शिल्लक होती. सुधाकररावांनी पुडी उचलली, मागच्या दारी गेले आणि पुडी शेणाच्या खतावर भिरकावून दिली. वर एक शिवी हासडली, जी मी त्यांच्या तोंडून आजवर ऐकली नव्हती. इतकी वर्षं ज्या माणसाला देवमाणूस म्हटलं, त्याच्यासाठी.

"अवो, काय केलं हे!" मी धावले. "एकदम बंद कराची नसते! मी काय सांगून राह्यली तुमाले?"

ते थबकले. मग त्यांचं तोंड उतरलं. आम्ही दोघं खतावर वाकून त्या पुडीतल्या गोळ्या शोधत होतो. सासूबाई दारात उभ्या राहून विचारत होत्या, "काय सांडलं रे? काय सांडलं?" गुलाबी गोळ्या बारीक, त्या शोधायला माझी वाकडी बोटं कामाची नव्हती. तरी त्याच बोटांनी वेचत राहिले. काही सापडल्या. मी त्या कोरड्या फडक्यानं पुसल्या. कोणत्या गोळीत काय हे ठाऊक नाही, म्हणून तिन्ही रंगांच्या वेचल्या.

संध्याकाळी जेवण झाल्यावर मी सासूबाईंच्या हातावर त्या गोळ्या ठेवल्या आणि पाण्याचा गडवा दिला. जिचा मला इतका तिटकारा होता ती गोळी मी माझ्या हातानं माझ्या घरच्या माणसाला चारली. "आत्याबाई, घ्या. सकाळी आपन सेवाग्रामले जाऊ, तोवर घेनंच हाय." त्यांनी विचारलं, "खराब हाय ना हे? मंग काऊन देतं?" मला नीट सांगता आलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गिळून टाकली.

दुसऱ्या दिवशी सुधाकररावांनी तोडणी सोडून आम्हाला नेलं. सासूबाईंच्या हाडांची तपासणी झाली. पाठीचा एक मणका दबलेला निघाला. त्यांची पाठ दुखते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हातारपण, असं आम्ही म्हणत होतो. त्यांचीही गोळी आता उतरवत आणली आहे. त्या आधी तयार नव्हत्या. त्यांना गादीच्या खुर्चीतला डॉक्टर आवडायचा, जो नावानं हाक मारायचा. सेवाग्रामच्या त्या तरुण डॉक्टरनं त्यांना 'आजी' म्हटलं आणि गुडघा दाबून पाहण्याआधी स्वतःचे हात चोळून गरम केले, तेव्हा त्या जरा मऊ झाल्या.

मी लेखी तक्रार केली. एक साहेब दवाखान्यात येऊन गेले, असं कळलं. दवाखाना चालू आहे. गर्दी तेवढीच आहे. बाजारात काही बायका आता माझ्याकडून भाजी घेत नाहीत, कारण मी डॉक्टरांची बदनामी केली. आमच्या गावची ती गोल तोंडाची बाई मात्र एक दिवस वांगी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "सेवाग्रामले कोन्या वारी जा लागते?" मी सांगितलं. ती जाऊन आली.

तुम्ही हे वाचत असाल आणि तुमच्या घरी सुट्या गोळ्यांची पुडी येत असेल, तर तिचं नाव मागा. तोंडी नको, लिहून मागा. दिलं नाही तर पुडी न तोडता दुसरीकडे जा. दोन दिवसांत कामाला लागाल असं कोणी म्हणालं, तर कशाच्या जोरावर, एवढं विचारा. मी विचारलं नव्हतं, कारण मला कोणी विचारायला शिकवलं नव्हतं, आणि ज्याचं काम सांगण्याचं होतं त्यानं सांगितलं नाही. यात माझीही चूक आहे, असं मला अनेकांनी सुचवून पाहिलं आहे. मी ती घेत नाही.

मेथोट्रेक्सेट आता लागू पडलं आहे. सकाळचा ताठरपणा चहा होईपर्यंत जातो. साखर खाली आली, तिची गोळी बंद झाली. चेहरा हळूहळू उतरला. जुना लांबट चेहरा परत आला, जरा सैल होऊन. बाजारात लोक विचारतात, "काऊन वं, बीमार हाय का?" मी सांगते, बरी झाली.

त्या वॉर्डातल्या डॉक्टरची बदली झाली, ती कुठं गेली मला ठाऊक नाही. तिची आणि आमच्या सरकारी दवाखान्यातल्या त्या डॉक्टरांची मी आभारी आहे. बीपी लागत नव्हता तेव्हा त्यांनी वेळ घालवला नाही. सुधाकररावांचीही आभारी आहे. ते आता औषधाच्या दुकानात माझ्या आधी पट्टी उलटून नाव वाचतात, इंग्रजी येत नसलं तरी एकेक अक्षर जोडून.

घरचे, शेजारचे म्हणतात, वंदना, झालं गेलं, आता राग सोड, रागानं तब्येत बिघडते. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी मला मीठ कमी सांगितलं आहे, जड टोपलं उचलू नका म्हटलं आहे, हाडांसाठी रोज दूध आणि कोवळं ऊन घ्या म्हटलं आहे. मी सगळं पाळते. राग सोडा, असं त्यांच्यापैकी कोणी अजून म्हटलेलं नाही.